घड्याळाखालचं घड्याळ

हे तुम्हाला खरं वाटणार नाही, ते आधीच सांगून टाकतो. आमच्या पापडी गावात माझ्या शब्दावर भरवसा ठेवणारा शेवटचा जीव म्हणजे आमचा कुत्रा, आणि तोही हल्ली मी "ये, मासा देतो" म्हटलं की माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघतो. तरी सांगतो. नातीच्या लग्नाआधी कित्येक दिवस माझं काळीज माझ्या अंगात नव्हतं. ते माझ्या बायकोच्या मनगटावर होतं, तिथून रोज आयर्लंडला जात होतं, आणि आयर्लंडहून मला शाबासकी येत होती.

परवा रविवारी देवळातली मिस्सा झाल्यावर आमच्या ओट्यावर मी एवढंच बोललो आणि थांबलो. थांबावं लागतं, गळ टाकला की दोरी लगेच ओढायची नसते. समोर कॅथरिन बसली होती, माझ्या नातीची, लिडियाची सासू, म्हणजे आमची नवी विहीण, लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला आलेली. तिच्या बाजूला गुरुदत्त, उमेळ्याचा, माझा शाळेपासूनचा मित्र. स्वतःची केळीची वाडी सांभाळून उरलेला सगळा जन्म त्याने माझ्या ओट्यावर काढला आहे. आणि दाराच्या चौकटीला टेकून माझी बायको मर्सी, मांडीवर सूप, सुपात लसूण. लसूण सोलताना आपल्याला काही ऐकू येत नाही असं मर्सीचं म्हणणं आहे.

"विहीणबाई, तुम्ही नव्या आहात म्हणून सांगतो," गुरुदत्त म्हणाला. "सिपूभाऊ जे सांगतील त्यातलं अर्धं टाकून द्यायचं. जे उरेल त्यातलं परत अर्धं."

"मग राहतं काय?" कॅथरिनने विचारलं.

"घुमट. ते तेवढं खरं."

घुमट खरं आहे, ह्यावर वाद नाही. मातीचं मडकं, एका तोंडाला ताणलेलं कातडं, दुसरं तोंड उघडं. उजव्या हाताने कातड्यावर थाप द्यायची आणि डाव्या तळव्याने उघडं तोंड झाकत-सोडत राहायचं. आवाज उजवा हात काढतो, श्वास डावा हात देतो. आमच्या लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या आंघोळीसाठी विहिरीवरून पाणी आणतात, त्या वाटेवर गाणी म्हणतात, आणि त्या गाण्यांखाली घुमट नसेल तर ते पाणी आणि म्युनिसिपालिटीचं पाणी ह्यांत फरक तो काय? पन्नास वर्षं पापडीतल्या नवऱ्या माझ्या घुमटावर न्हाल्या आहेत. एकदा तर मी अशी थाप दिली होती की गिरीजच्या लग्नातला नवरा नाचत नाचत आमच्या मांडवात आला, त्याला परत न्यायला त्याची आई आली, तीही नाचायला लागली, आणि शेवटी तिकडच्या फादरांना निरोप धाडावा लागला की लग्न इकडेच लावायला या. हे मी कॅथरिनला सांगितलं. ती हसली. मर्सीने लसणाची पाकळी जरा जोरात सोलली.

घड्याळ आलं ते ईस्टरच्या सुमारास. ब्रेंडा, माझी धाकटी, आयर्लंडमध्ये नर्स आहे. तिच्या बरोबरच्या एका मुलीने सुट्टीवर येताना ते आणून दिलं. काळं, चौकोनी, चॉकलेटच्या वडीएवढं. मागच्या वर्षी माझ्या काळजात दोन स्प्रिंगा बसल्या, तेव्हापासून ब्रेंडा माझी मुलगी राहिली नव्हती, वॉर्डातली मोठी नर्स झाली होती. फोनवर तिचं तोंड, मागे तिकडचं करडं आकाश, आणि हुकूम. "पप्पा, डावा हात. घट्ट बांधा. अजून घट्ट. हं." मी बांधलं. घड्याळाच्या पोटाखाली हिरवा उजेड लुकलुकायला लागला, मुठीत काजवा धरावा तसा. मी वाट बघत राहिलो. मग ते एकदाच थरथरलं, झोपेत कुत्रं थरथरतं तसं, आणि त्याच्या तोंडावर अक्षरं आली: मनगट सापडत नाही.

आता, मला जन्मात पुष्कळ गोष्टी सापडल्या नाहीत. चष्मा तर रोज सापडत नाही. पण ज्या मनगटावर आपण बसलो आहोत तेच सापडत नाही म्हणणारा पाहुणा मी पहिल्यांदाच बघत होतो. मी हात हलवला. हात होता. बोटं उघडली, मिटली. अंगणात फणसाखाली कोंबड्या होत्या, रस्त्यावरून कोणाची तरी स्कूटर गेली, तिचा आवाज मला ऐकू आला, म्हणजे मीही कुठेतरी जवळपास असणार. पण पोटात काहीतरी गार सरकलं. स्प्रिंगा घालून हॉस्पिटलमधून घरी आलो तेव्हापासून ते तिथे होतंच, विहिरीच्या तळाशी कासव असतं तसं. दिसत नाही, पण पोहरा सोडला की पाणी जरा जास्त हलतं. सकाळी डोळे उघडल्यावर मी लगेच उठत नाही. आधी आत कान देतो. चालू आहे का? चालू आहे. मग पाय खाली. आणि हे आयर्लंडहून आलेलं शहाणं यंत्र माझ्या अंगावर बसून मलाच विचारत होतं, कोणी आहे का घरात? मी घड्याळ काढलं. आणि मग एवढा हसलो की फोनमधली ब्रेंडा घाबरली. कारण खाली होतं माझं पहिलं घड्याळ.

ते निर्मळच्या जत्रेतलं. तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा, आणि पापडीत शाळेच्या मास्तरांखेरीज कोणाच्या हाताला घड्याळ नव्हतं. मास्तर छडी मारायच्या आधी घड्याळ काढून टेबलावर ठेवत, तेवढा वेळ मार लांबे, म्हणून आमच्या लेखी ते फार थोर आणि दयाळू घड्याळ होतं. जत्रेत सगळे सुकेळ्यांच्या, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांच्या, दुकानांकडे पळाले, मी गोंदणाऱ्या बाईपुढे जाऊन बसलो. चिंचेखाली तिचं गोणपाट, वाटीत काळं, हातात सुया. "काय काढू रे पोरा? क्रूस काढू? आईचं नाव?" मी म्हटलं, घड्याळ. तिने कधी घड्याळ जवळून बघितलं नव्हतं. तिने मला मातीत काढून दाखवायला सांगितलं, मी काडीने काढलं, गोल, पट्टा, आणि आत दोन काटे. पण दोन्ही काटे मी सारखेच लांब काढले. तिने इमानदारीने तसेच टोचले. त्यामुळे माझ्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झालीत की दोनला दहा कमी आहेत, हे अजून कोणाला सांगता आलेलं नाही. हात आठवडाभर पेरूएवढा सुजला. बापाने बघितलं आणि मी डोळे मिटून गाल पुढे केला. काही आलं नाही. डोळे उघडले तर तो माझं मनगट धरून, मान वाकडी करून, गंभीर चेहऱ्याने बघत होता. "किती वाजले, सिप्रियन?" त्याने विचारलं. मी सावलीकडे बघितलं आणि ठोकून दिलं, सव्वाचार. "बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला आणि वाडीला पाणी सोडायला गेला. मग मरेपर्यंत रोज विचारत राहिला. केळीत वाकलेला असला तरी तिथून ओरडायचा, "किती वाजले रे?" आणि मी माडाच्या सावलीकडे, म्हशींच्या परतण्याकडे, भाताच्या वासाकडे बघून, मनगट डोळ्यांसमोर धरून सांगायचो. कधी बरोबर निघायचं, कधी नाही. तो मात्र दर वेळी त्याप्रमाणे चालायचा. माझ्या बोलण्याला पंख फुटले ते त्या काळात. बंद घड्याळ बघून वेळ सांगायची सवय लागलेल्या माणसाला पुढे काय अवघड?

एवढ्या वर्षांत ते घड्याळ पसरलं. शाई कातडीत उतरत गेली, काटे जाड झाले, गोलाच्या आतली जागा भरत गेली, आणि आता डाव्या मनगटावर काळानिळा, रुपयाएवढा डाग आणि त्याला पट्टा आहे. नव्या घड्याळाचा हिरवा उजेड त्या काळ्यात शिरत नव्हता. ब्रेंडाने मला फोनवर समजावलं की तो उजेड कातडीतून आत जातो, रक्ताची धडधड बघतो आणि परत येतो; शाई गडद असली की आतच बुडतो. मला ते फार आवडलं. नवीन घड्याळ जुन्या घड्याळाच्या दारावर टकटक करत होतं आणि आतून बाप विचारत होता, किती वाजले रे?

"मग उजव्या हाताला बांधा," ब्रेंडा म्हणाली.

"उजवा हात घुमटाचा. मनगटावर ओझं असलं की थाप उशिरा पडते."

"पप्पा, ऐका. लिडियाच्या लग्नात वाजवायचं आहे ना?" तिने नर्सचा आवाज लावला. "मग लग्नापर्यंत मला रोज तुमच्या ठोक्यांचा आकडा दिसला पाहिजे. आणि त्या दिवशी विहिरीवर आकडा एकशेवीसच्या वर गेला की घुमट खाली. आकडा दिसला नाही, तर घुमट नाहीच. मी जोनाथनला सांगून ठेवलंय, तो ते माळ्यावर टाकेल."

जोनाथन, माझा थोरला, लिडियाचा बाप, मागे उभा होता आणि मान हलवत होता. बँकेत राहून त्याची मान फक्त हो म्हणायला शिकली आहे.

घुमट माळ्यावर. ते मी ओट्यावर सांगितलं तेव्हा विनोदाने सांगितलं, कॅथरिन हसलीही. पण आत ते विनोदाचं नव्हतं. लिडियाला मी मांडीवर घेऊन घुमटाच्या उघड्या तोंडाशी तिचा कान धरायचो, आणि थाप दिली की ती श्वास रोखायची. तिला बोलता यायच्या आधीपासून तिच्या विहिरीच्या पाण्याचं वाजवणं माझ्याकडे लागत होतं. आणि दुसरी गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही. उजव्या हाताचं कारण खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. उजवा हात गोरा, कोरा. तिथे घड्याळाला सगळं लख्ख दिसलं असतं. वाजवताना आकडा वर गेला तर? घुमटाच्या मडक्यात लपून बसलेल्या मला बाहेर काढून कोणी वजनकाट्यावर उभं केलं तर? मनगट सापडत नाही, हे वाचून मी हसलो खरा. पण त्या हसण्यात मला थोडं लपायलाही मिळालं होतं.

म्हणून मी मर्सीकडे गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं. "मी खोटं बोलणार नाही," ती म्हणाली. "पण घड्याळ घालायला काय, घालीन. कोणी विचारलं तर सांगणार नाही, आणि कोणी विचारलंच नाही तर माझा काय दोष?" सत्तरीला आलेल्या बाईने कन्फेशनची अशी पळवाट शोधून काढावी, ह्याचं मला कौतुक वाटलं. तिच्या मनगटावर मी घड्याळ बांधलं. हिरवा उजेड लुकलुकला, आणि माझ्या हातातल्या फोनवर एक छोटं लाल बदाम उड्या मारायला लागलं. एकोणसत्तर. सत्तर. एकोणसत्तर. आयर्लंडहून लगेच निरोप: "छान पप्पा! असेच राहा."

तेव्हापासून माझी खरी गंमत सुरू झाली. पन्नास वर्षं ज्या बाईशेजारी झोपलो तिच्या आतलं दार मला खिशात मिळालं होतं. मी वाडीत असो, नाक्यावर चहा पीत असो, फोन काढायचा आणि बघायचं, मर्सीचं काळीज ह्या घटकेला काय करतंय. सकाळी सालोमी कोळीण पाचूबंदरहून टोपली घेऊन यायची. मी मागल्या दारी दात घासत उभा, आणि पुढून आवाज, "बाय, ह्या भावात समुद्राचा पानी पन नाय मिलनार!" आणि फोनवर पंचाण्णव, एकशेदोन, एकशेआठ; बोंबलांच्या भावावरून मर्सीचं काळीज वसई-विरारच्या मॅरेथॉनला उतरायचं. मग दोघी खदखदून हसायच्या, टोपली डोक्यावर चढायची आणि बदाम परत पायवाटेवर यायचं. मला वाटायचं ती भांडते. ती खेळत होती. रविवारी देवळात प्रवचनाच्या वेळी आकडा इतका खाली गेला की ब्रेंडाने घाबरून फोन केला, "पप्पा, एवढे शांत? ध्यान करताय का?" मी म्हटलं, "हो गं, फादर करायला लावतात." मर्सी बाजूच्या बाकावर पापण्या मिटून भक्तिभावाने बसली होती.

"झोपली होती," मी कॅथरिनला सांगितलं.

"प्रार्थना," मर्सी सुपातून म्हणाली.

एक गोष्ट मात्र मला लागली, आणि ती मी ओट्यावर उडवून लावली. मी घरात आलो, घरातून गेलो, खोकलो, गाणं म्हटलं, मागून जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. एकोणसत्तर. आकडा जागचा हलला नाही. बोंबलाला एकशेआठ आणि मला एकोणसत्तर. मी म्हणजे भिंतीवरचं देवळाचं कॅलेंडर. असतं, वाऱ्याने हलतं, महिना संपला की पान उलटायचं. एकदा मी मुद्दाम तिच्यापुढे उभं राहून सांगितलं की तुळिंजला बाजारात मला एक बाई भेटली आणि म्हणाली, तुम्ही अजून किती देखणे दिसता. तिने तव्यावरची भाकरी उलटली. अडुसष्ट. एक कमीच झाला.

आणि मग दुपारचं कोडं आलं. जेवण झालं की मी नाक्यावर जातो, गुरुदत्त येतो, आम्ही जगाची व्यवस्था लावतो. एका दुपारी सहज फोन बघितला तर एकशेपाच. सालोमीची वेळ नाही. टीव्हीवर मालिकेची वेळ नाही. एकशेबारा. मग हळूहळू खाली. दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास पुन्हा. गुरुदत्त पालिकेच्या नळांबद्दल काहीतरी बोलत होता आणि मी त्या लाल बदामाकडे बघत होतो. कोण येतं घरी? कोणासाठी हे बदाम माझ्या पाठीमागे अशा उड्या मारतं? मी त्र्याहत्तरचा म्हातारा, दोन स्प्रिंगांचा धनी, आणि माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. सांगू का, मला फार छान वाटलं. कित्येक वर्षांत माझा असा जळफळाट झाला नव्हता. जिवंत असल्याचा त्याहून पक्का दाखला कोणत्या डॉक्टरने दिला असता? पापडीतले सगळे विधुर मी मनातल्या मनात ओळीने उभे केले आणि एकेकाला नापास केलं. तिसऱ्या दुपारी गुरुदत्तला म्हटलं, पोट बिघडलंय, आणि मागच्या वाटेने, केळीच्या रांगांतून, चपला हातात घेऊन घराच्या पाठीमागे गेलो.

विहिरीच्या काठाला, धुण्याच्या दगडाशी मर्सी एकटी होती. साडी वर खोचलेली, चपला बाजूला. एक हात दगडावर टेकवून ती पाऊल पुढे टाकत होती, मागे घेत होती, गोल फिरत होती. ओठांत गाणं, विहिरीच्या पाण्याचंच, आमचं. अर्ध्या गिरकीत गुडघा अडला, तिने त्याला एक चापट मारली, "चल गं म्हशी, लिडियाच्या लग्नात बसणार आहेस का?" आणि पुन्हा सुरुवातीपासून. गुडघे धरल्यापासून ती नाचली नव्हती. मी समजत होतो की तिला आता त्याची हौस नाही. तिनेही कधी काही म्हटलं नव्हतं. ऊन केळीच्या पानांतून तिच्या पाठीवर फाटून पडत होतं. मी हाक मारली नाही. माझा डावा तळवा आपोआप हवेत उघडत-मिटत होता, तिच्या पायांखाली. एका जागी तिचा ठेका चुकला आणि माझ्या तोंडातून आवाज निघता निघता राहिला. मग मी तसाच मागे सरत गेलो, सगळा वळसा घालून रस्त्याने आलो, आणि फाटक असं वाजवलं की पलीकडच्या आळीतले कुत्रे उठले. आत आलो तेव्हा ती खाटेवर बसून पेपर वाचत होती. पेपर उलटा नव्हता. मर्सी असल्या चुका करत नाही. पण कपाळावर घाम होता. "लवकर आलास?" "पोट बिघडलं." "मग भात देते मऊ." मला भूक नव्हती, तरी मी तो मऊ भात मिटक्या मारत खाल्ला.

हे मी ओट्यावर सांगितलं नाही. ती समोर बसली होती. तिथे एवढंच म्हटलं, "दुपारी आकडा चढायचा, का ते देवालाच ठाऊक," आणि थेट लग्नाच्या आदल्या दिवसावर आलो.

"तर विहीणबाई, तुम्ही नवऱ्याकडच्या, तुम्ही काही ते बघितलं नाही. मे महिन्याचं ऊन, वाडीतल्या विहिरीला आंब्याची पानं बांधलेली. बायका तांबड्या लुगड्यांत, कमरेवर कळश्या. मी विहिरीच्या पायरीवर, मांडीत घुमट. समोर जोनाथन फोन धरून, फोनमध्ये ब्रेंडा. तिला सुट्टी मिळाली नव्हती, तिकडे वॉर्डातल्या कोपऱ्यात उभी राहून ती लग्न बघत होती आणि दुसऱ्या फोनवर माझा आकडा. आणि घड्याळ कुठे? मर्सीच्या हातात, हिरव्या बांगड्यांच्या मागे, पदराखाली."

"म्हणजे वाजवणार तुम्ही आणि मोजणार त्यांना?" कॅथरिन म्हणाली.

"तेच तर. पहिलं गाणं झालं. आयर्लंड खूश. दुसरं झालं. मी असा वाजवतोय की विहिरीतलं पाणी हातभर वर आलं, बायकांना दोरी लागली नाही, नुसत्या वाकून कळश्या भरल्या."

"अर्धं," गुरुदत्त बोट वर करून म्हणाला.

"बरं, वीतभर. आणि तिसऱ्या गाण्याला पोरींनी मर्सीला आत ओढलं. तिने कळशी खाली ठेवली. पदर खोचला. आणि उतरली की! विहीणबाई, काय नाचली! गुडघ्यांनी इतक्या वर्षांचं सगळं व्याज फेडलं. आणि इकडे फोनमधून किंकाळी. पप्पा! एकशेअडतीस! थांबा! जोनाथन, घुमट घे!"

कॅथरिनने तोंडावर हात ठेवला. गुरुदत्त पुढे सरकला. तोही त्या दिवशी उमेळ्यात अडकला होता, विहिरीवर आला नव्हता. म्हणून तर मला आज हात मोकळा होता. सुपातला आवाज थांबला होता, पण मी तिकडे बघितलं नाही. सांगणाऱ्याच्या अंगात एक वारा येतो, तो आला की होडी कुठे चाललीय हे विचारायचं नसतं. मला ते ऊन दिसत होतं, तांबडी लुगडी, तिच्या पायांवर उडालेली माती, आणि माझे शब्द मला न विचारता पुढे धावत होते.

"आता माझी पंचाईत बघा. खरं सांगावं, की बाई, हा आकडा माझा नाही, तुझ्या आईचा आहे, तर लबाडी उघडी पडते आणि घुमट कायमचं माळ्यावर. मर्सीला खूण करून बसवावं, तर आकडा उतरतो, मी वाजवायला मोकळा. म्हणजे माझे हात चालायचे तर तिचे पाय थांबायला हवेत, आणि तिचे पाय चालायचे तर माझे हात. सगळ्या बायका माझ्याकडे बघतायत. लिडिया बघतेय. मी मर्सीकडे बघितलं. आणि विहीणबाई, मी त्या घुमटाला कपाळ लावलं, हळूच गवतावर ठेवलं, आणि म्हटलं, मर्सी, तू नाच. माझं वाजवून पुष्कळ झालं."

कॅथरिनने पदराचं टोक डोळ्याला लावलं. गुरुदत्तचं वजाबाकीचं बोट अर्ध्यावरच राहिलं. इतक्या वर्षांत त्याला कुठे कापावं हे पहिल्यांदाच सुचत नव्हतं. मी नजर खाली घालून, त्यागी माणसाने बसावं तसा बसलो. आणि चौकटीपासून सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"खोटं!" मर्सी म्हणाली. "साफ खोटं! कॅथरिन, पूस ते डोळे. घड्याळ माझ्या हातात कुठलं? सकाळी मी स्वतः ह्याच्या उजव्या हाताला बांधलं, कोपराकडे सरकवून. म्हटलं, लबाडी बांधून मी विहिरीवर येणार नाही. आणि वाजवलं की ह्याने, झकास वाजवलं! दोन गाणी झाली, आकडा गाईसारखा गरीब, ब्याऐंशीच्या वर गेला नाही. तो पळाला हा थांबल्यावर. मी नुसती नाचायला उतरले, तर ह्याचे हात जागच्या जागी, तोंड उघडं, मांडीवरचं घुमट घरंगळून गवतात, आणि तिकडे ब्रेंडा ओरडतेय. कसलं ठेवलंस तू, पडलं ते! आणि पोरीने मग काय हुकूम सोडला, तो सांग ना तुझ्या विहिणीला. काय म्हणाली ती? 'पप्पांना खुशाल वाजवू द्या. मम्मीला तेवढं नाचू देऊ नका!'"